आंबेनळी उतरताना ब्रेक गेले : घर्षणाचा हिशोब नेमका कुठे चुकला?

घाटवाट

मंडळी, मे महिन्यात महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरत होतो. गाडीत मी, बायको, दोन मुलं, आई आणि डिकी भरून सामान. प्रतापगडाचा फाटा मागे टाकला. पुढच्या वळणांत आधी आईला वास आला. "काहीतरी करपतंय रे." मला वाटलं खाली कुठे वणवा असेल. दोन वळणांनंतर तो वास गाडीत भरून राहिला. कडवट, नाकात चढणारा, वायर जळल्यासारखा.

त्याच्या पुढच्या वळणाआधी ब्रेक दाबला तर पेडल मऊ लागलं. पाय खाली गेला, पण गाडीचा वेग काही उतरेना. दुसऱ्यांदा दाबला, तिसऱ्यांदा दाबला, तेव्हा थोडा धरला. गाडी दुसऱ्या गियरमध्ये घातली, इंजिन ओरडलं, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराकडच्या गटाराला टेकवून थांबलो. दरी दुसऱ्या बाजूला होती, एवढंच नशीब.

खाली उतरलो. पुढच्या चाकाजवळ हात नेला तर चुलीसमोर बसल्यासारखी धग. पाण्याची बाटली काढून झाकण उघडणार तेवढ्यात मागून आलेल्या टेम्पोवाल्यांनी गाडी थांबवून ओरडून सांगितलं, "दादा, पाणी ओतू नका! डिस्क तडकंल. नुसती बसू द्या गाडी." मग जवळ येऊन एकच प्रश्न विचारला, "न्यूट्रलला सोडली होती का?"

होती. पेट्रोल वाचतं म्हणून अख्खा घाट न्यूट्रलला, आणि वेग वाढला की ब्रेक. कित्येक वर्षं असंच उतरत आलोय.

घरी आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. गाडी माणसांसकट १४०० किलो. वरच्या आणि खालच्या उंचीतला फरक साधारण १२०० मीटर. वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची, म्हणजे १ कोटी ६४ लाख ज्यूल. एवढ्या ऊर्जेत ५० लिटरहून अधिक गार पाणी उकळतं. ही सगळी उष्णता मी चार छोट्या लोखंडी चकत्यांत कोंबली. शाळेत घर्षणाच्या धड्यात "उष्णता निर्माण होते" हे वाक्य पाठ केलं होतं. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला.

इथे गाड्यांतले, विज्ञानातले जाणकार आहेत. हिशोब बरोबर आहे का? आणि ब्रेक मऊ का पडला, नेमकं काय झालं, हे कुणी नीट समजावून सांगेल का?

अनुस्वार

सगळे सुखरूप उतरलात, हे वाचून जिवात जीव आला. हिशोबाची दिशा बरोबर आहे, पण सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये गेली नाही. मी भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

चालत्या गाडीला तुम्ही ब्रेक न लावताही दोन गोष्टी अडवतात. एक, टायर. चाक लोळताना टायरचं रबर जमिनीला टेकतं तिथे चेपतं आणि सुटलं की पुन्हा फुगतं. त्या चेपण्या-फुगण्यात ऊर्जा मुरते. साध्या डांबरी रस्त्यावर हा अडथळा गाडीच्या वजनाच्या शंभराव्या हिश्श्याहून थोडा जास्त असतो. तुमच्या गाडीला तो साधारण १६५ न्यूटन भरेल. दुसरी, हवा. ताशी ४० किलोमीटरला ती ५०-६० न्यूटनने मागे ढकलते. महाबळेश्वर ते पोलादपूर अंतर सुमारे ४० किलोमीटर धरलं, तर या दोघांनी मिळून जवळजवळ ९० लाख ज्यूल वाटेतच खाल्ले.

उरले साधारण ७५ लाख. ते मात्र ब्रेकचे. गाडीच्या चारही चाकांतलं ब्रेकचं लोखंड मिळून २५ किलो धरा. ते वाटेत अजिबात निवलं नाही असं मानलं, तर तापमान साडेसहाशे अंशांनी वाढलं असतं. प्रत्यक्षात वारा लागतो, त्यामुळे एवढं वाढत नाही. पण पुढच्या दोन चाकांवर ब्रेकचा बराचसा भार असतो आणि वळणापाठोपाठ वळण आलं की निवायला वेळच मिळत नाही.

आता पेडल मऊ का पडलं. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली : पॅड, म्हणजे डिस्कवर दाबला जाणारा ब्रेकचा ठोकळा, फार तापला की त्यातलं चिकटद्रव्य जळू लागतं, त्याचा वायू पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये येतो आणि घर्षण घटतं. तुमच्या आईंना वास आला तो याचाच. अशा वेळी पेडल कडक लागतं, पण गाडी थांबत नाही.

दुसरी : पेडल मऊ होऊन खाली जातं ते ब्रेक ऑइलमुळे. हे द्रव हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रकारचं नवं ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरला की तेच १४० अंशांच्या आसपास उकळायला लागतं. नळीत वाफेचे बुडबुडे झाले की तुमचा पाय पॅड दाबण्याऐवजी बुडबुडे दाबतो. द्रव दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. तुमच्या वर्णनावरून ही दुसरी गोष्ट नक्की झालेली दिसते, पहिलीही सोबत असेल. ऑइल शेवटचं कधी बदललं होतं?

घाटवाट

अनुस्वार सर, मनापासून आभार. ब्रेक ऑइल... गाडी घेतल्यापासून बदललेलं नाही. सात वर्षं झाली. सर्व्हिसिंगला "टॉप-अप केलं" एवढंच ऐकत आलो.

लाइनवरचा

आमचे वडील ३० वर्षं ट्रक लाइनला होते. कोल्हापूर-रत्नागिरी, आंबा घाट हा त्यांचा रोजचा. मी लहानपणी क्लीनरच्या जागेवर बसून त्यांच्यासोबत जायचो. घाट लागायच्या आधी ते गाडी बाजूला घेत, खाली उतरून प्रत्येक टायरवर टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, मारून आवाज ऐकत, हवेचा काटा बघत आणि मग गियर खाली घेत. "ज्या गियरात चढायचं, त्याच गियरात उतरायचं." हा त्यांचा नियम. एकदा मी विचारलं होतं, एवढं हळू कशाला? तेव्हा म्हणाले, "ब्रेक थांबायला असतो. उतरायला इंजिन असतंय."

भरलेला ट्रक न्यूट्रलला सोडला आणि वेग ७०-८०ला गेला की परत गियर पडत नाही. दांडा नुसता खरखरतो. मग उरतो फक्त ब्रेक, आणि तो आधीच तापलेला. वर, हवेचा ब्रेक असेल आणि ड्रायव्हर घाबरून सारखा पंप करत असेल तर टाकीतली हवाच संपत येते. तिन्ही गोष्टी एकाच वेळी.

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री तिथे एका मालवाहू गाडीने चाळीसहून जास्त गाड्यांना धडक दिली. तो उतार बघायला घाटासारखा वाटत नाही. सरळ, रुंद, गुळगुळीत रस्ता. म्हणून तर ड्रायव्हर लोक डिझेल वाचवायला तिथं गाडी सोडून देतात. वळण असलं की माणूस आपसूक जपतो. सरळ उतार फसवतो.

मीठभाकर

लाइनवरचा, वडिलांचं वाक्य वहीत लिहून ठेवलं.

पण एक शंका. न्यूट्रलला पेट्रोल वाचतं हे तर खरं ना? गियरमध्ये इंजिन जास्त फिरतं, आवाजही मोठा येतो, म्हणजे जास्त पीत असणार.

अनुस्वार

कार्ब्युरेटरच्या काळात थोडंफार खरं होतं, म्हणून ती सवय घराघरांत राहिली. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत उलट आहे. गाडी गियरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला, अशा वेळी चाकंच इंजिनाला फिरवतात. संगणक ते ओळखतो आणि इंधन पूर्ण बंद करतो. शून्य. न्यूट्रलला मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला इंधन द्यावंच लागतं, तासाला साधारण अर्धा ते एक लिटर. म्हणजे घाटवाट यांनी ब्रेकही जाळले आणि पेट्रोलही.

इंजिन गाडीला मागे खेचतं ते कशाने, हेही सांगतो. ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल इंजिनाची हवेची वाट जवळपास बंद होते. पिस्टनला पोकळीतून हवा ओढावी लागते, त्याला जोर लागतो. शिवाय पिस्टन-रिंगा, बेअरिंग, ऑइलपंप यांचं घर्षण. ही सगळी उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सरमधून बाहेर जाते, म्हणजे ज्या जागा उष्णता बाहेर टाकायलाच बनवल्या आहेत तिथून. सगळा फरक यात आहे. घर्षण दोन्हीकडे आहे, पण एकीकडे त्याची उष्णता निघून जायला दार आहे.

ओली_माती

घाटाचं वाचून अंगावर काटा आला. माझा अनुभव सपाट रस्त्यावरचा आहे, पण विषय तोच, म्हणून लिहिते.

जूनचा पहिला पाऊस. पाचच मिनिटांची सर. मी स्कूटरवरून ऑफिसातून घरी येत होते, वेग ३०च्या आसपास. सिग्नल लाल झाला, नेहमीसारखा ब्रेक दाबला, आणि मागचं चाक डावीकडे निघून गेलं. झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर. काही कळायच्या आत मी रस्त्यावर बसलेली आणि स्कूटर पुढे घसरत जाणारी. कोपर सोललं, बाकी काही नाही. मागचा रिक्षावाला वेळेत थांबला म्हणून.

उठून पाय टेकला तर चपलेखाली रस्ता साबण लावल्यासारखा. बोट फिरवून बघितलं, काळसर चिकट पाणी. जुलैत धो-धो पावसात त्याच रस्त्यावर इतकं घसरत नाही. असं का?

अनुस्वार

ओली_माती, तुम्ही बोट फिरवून पाहिलंत तेच उत्तर आहे. आठ महिने रस्त्यावर इंजिन ऑइलचे थेंब, टायरच्या रबराची झीज, धूळ साचते. पहिली सर ते धुऊन नेण्याइतकी मोठी नसते, पण भिजवून त्याचा लेप करण्याइतकी असते. चाक आणि रस्ता यांच्यामध्ये चक्क वंगण. जुलैपर्यंत ते वाहून गेलेलं असतं. पांढऱ्या पट्ट्यावर रंगाचा गुळगुळीत थर असतो. डांबरातल्या खडीचे कंगोरे रबरात रुततात, तसं रुतायला तिथे काही नसतं. मॅनहोलचं लोखंडी झाकण आणि ओले पेव्हर ब्लॉक यांचंही तसंच.

थांबायला किती अंतर लागतं ते बघा. घर्षणगुणांक म्हणजे पकड वजनाच्या किती पट, तो आकडा. कोरड्या डांबरावर टायरचा तो ०.७ धरू, ओल्यावर ०.४. अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले घर्षणगुणांकाची आणि गुरुत्वाची दुप्पट. ताशी ६० वेगाला कोरड्यावर २० मीटर, ओल्यावर ३५. ताशी १००ला कोरड्यावर ५६, ओल्यावर ९८. आणि हे ब्रेक लागल्यानंतरचं. डोळ्यांनी पाहून पाय हलेपर्यंत एक सेकंद गेला तर ताशी १००ला आणखी २८ मीटर आधीच गेलेले असतात. वेग दुप्पट केला की अंतर चौपट होतं. मी वर्गात हे फळ्यावर मांडून मुलांना मैदानात नेऊन मोजायला लावतो. ९८ मीटर चालत गेल्यावर मुलं मागे वळून बघतात आणि गप्प होतात.

मीठभाकर

सर, या सूत्रात गाडीचं वजन कुठेच नाही! मग ट्रक आणि स्कूटर सारख्याच अंतरात थांबायला हव्यात?

अनुस्वार

अगदी नेमका प्रश्न. वजन दुप्पट झालं की थांबवायची ऊर्जाही दुप्पट, आणि रस्त्यावर दाब दुप्पट म्हणून घर्षणही दुप्पट. दोन्ही एकमेकांना छेदतात. टायर आणि रस्ता एवढंच पाहिलं तर वजनाने फरक पडत नाही.

पण टायरने धरायच्या आधी ब्रेकने चाक अडवायला हवं ना? तिथे वजन सोडत नाही. २५ टनांचा ट्रक खंडाळ्याहून खोपोलीकडे साधारण ५०० मीटर उतरतो तेव्हा सव्वाबारा कोटी ज्यूल मोकळे होतात. २०० लिटरची जवळजवळ दोन पिंपं पाणी उकळेल इतके. त्याचं काय करायचं हा प्रश्न टायरचा नाही, ब्रेकच्या लोखंडाचा आहे.

पाटा_वरवंटा

मला गाड्यांतलं फारसं कळत नाही, पण धागा वाचताना आजीच्या स्वयंपाकघरात जाऊन आले.

आमच्याकडे दरवर्षी दिवाळीआधी टाकी लावणाऱ्या बाई यायच्या. छिन्नी आणि हातोडी घेऊन पाट्यावर, जात्यावर बारीक ठोके मारत बसायच्या. टक टक टक, तासभर. पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की खोबरं-मिरची वरवंट्याखालून नुसती सरकत राहते, वाटली जात नाही. आजी म्हणायची, "पाटा मातला." टाकी लावली की त्याच पाट्यावर चटणी चार हातांत व्हायची. सुरुवातीला एक-दोन वाटणं फेकायची, दगडाची कच येते म्हणून.

यावरून मला वाटत होतं की खरखरीत म्हणजे घर्षण जास्त, गुळगुळीत म्हणजे कमी. पण मग काचेवर काच ठेवली की ती चिकटल्यासारखी का बसते?

अनुस्वार

किती सुंदर उदाहरण. आणि शंका त्याहून सुंदर.

शतकानुशतकं लोकांना हेच वाटत होतं की घर्षण म्हणजे कंगोऱ्यात कंगोरा अडकणं. लिओनार्दो दा विंचीने पंधराव्या शतकाच्या अखेरीस ठोकळे ओढून प्रयोग केले आणि वहीत टिपून ठेवले. ती वही बंदच राहिली. १६९९मध्ये फ्रान्समध्ये आमोंतॉनने तेच नियम नव्याने मांडले : घर्षण भाराच्या प्रमाणात असतं, आणि टेकलेलं क्षेत्रफळ लहान की मोठं याने फरक पडत नाही. वीट आडवी ओढा किंवा उभी, जोर तेवढाच. १७८५मध्ये कुलोंबने त्यात भर घातली, विजेच्या नियमामुळे आपल्याला माहीत असलेला तोच.

क्षेत्रफळाचं कोडं सुटलं विसाव्या शतकात. दोन पृष्ठभाग आपल्याला पूर्ण टेकलेले दिसतात, पण खरे टेकतात फक्त उंचवट्यांची टोकं. एकूण क्षेत्राचा अगदी नगण्य भाग. भार वाढला की ती टोकं चेपतात आणि खरा स्पर्श वाढतो. म्हणून भार महत्त्वाचा, दिसणारं क्षेत्रफळ नाही. त्या टोकांवर दोन पदार्थांचे रेणू एकमेकांना अक्षरशः धरतात. स्वच्छ काचेवर काच ठेवली की खरा स्पर्श वाढतो, म्हणून ती चिकटते. पाट्यावर मात्र काम फक्त घर्षणाचं नाही, कापण्याचंही आहे. टाकीची धार मिरची फाडते.

मीठभाकर

मग रुंद टायर कशाला लावतात? क्षेत्रफळाने फरक पडत नाही म्हणालात.

अनुस्वार

रबर हा नियम पुरता पाळत नाही. ते मऊ आहे, खडीच्या फटींत शिरतं. एका जागी दाब फार झाला तर त्याची पकड भाराच्या प्रमाणात वाढत नाही, मागे पडते. रुंद टायरमध्ये भार पसरतो, उष्णता पसरते, झीज कमी होते. आणि पावसात टायरवरच्या नक्षीचं काम पाणी बाजूला काढण्याचं. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की टायर बदलायचा, तो यासाठी. पाणी निघालं नाही तर टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाते.

रुळावरचा

रेल्वेत होतो, कर्जत-लोणावळा विभागात बरीच वर्षं काढली. आमचं सगळं आयुष्य कमी घर्षणावर आणि त्याच्याशी झगडण्यात गेलं.

पोलादी रुळावर पोलादी चाक. लोळताना लागणारा अडथळा टायरच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याहूनही कमी. म्हणून तर एक इंजिन हजार टन ओढतं. पण तोच गुण चढावर नडतो. बोरघाटात चढ ३७ला १. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. दर टनामागे २७ किलोचा जोर फक्त चढायला. १२० टनांचं इंजिन कोरड्या रुळावर फार तर ३६ टनांचा जोर लावू शकतं, त्याहून जास्त लावला तर चाकं जागच्या जागी फिरतात. भागाकार केला तर इंजिन धरून १३०० टन. लांब पल्ल्याची भरलेली गाडी तेवढी असतेच, आणि पावसात रुळाची पकड निम्म्यावर येते. म्हणून कर्जतला बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं लागतात. कसाऱ्यालाही तसंच. इंजिनात वाळूची पेटी असते, चाक घसरू लागलं की चाकापुढे रुळावर वाळू सोडायची. श्रावणात धुक्यात वर जाताना ती वाळू चाकाखाली चुरडल्याचा आवाज केबिनमध्ये यायचा. तो आला की बरं वाटायचं.

उतरताना भीती उलटी. गाडी आवरली नाही तर? १८६३ साली घाट सुरू झाला तेव्हापासून हा प्रश्न आहे. त्यासाठी कॅच सायडिंग. मुख्य रुळाला फुटलेला, चढावर जाऊन संपणारा फाटा. काटा नेहमी त्या फाट्याकडे लावलेला. उतरणारी गाडी आधी उभी करून दाखवायची, मगच पुढचा रस्ता मिळतो. नाही थांबली तर ती आपोआप चढावर जाते आणि जोर संपून थांबते. घाटवाट, तुम्ही गाडी डोंगराच्या बाजूला घातलीत, तेही याच जातीचं.

लाइनवरचा

रुळावरचा काका, हे माहीत नव्हतं. रस्त्यावरच्या घाटांतही असं "आधी थांबून दाखव" ठेवायला पाहिजे. घाटमाथ्यावर अवजड गाड्यांना पाच मिनिटं सक्तीनं उभं करायचं, ब्रेक तपासायला लावायचे.

गलबत

घाटवाले बोलतायत म्हणून किनाऱ्यावरून एक. दाभोळ-धोपावे फेरीबोट धक्क्याला लागते तेव्हा खलाशी दोर खुंट्याला तीन वेढे देतो आणि टोक नुसतं हातात धरून उभा राहतो. एवढी बोट, त्यात गाड्या, भरतीचं पाणी, आणि एक माणूस. लहानपणी मला तो राक्षसी ताकदीचा वाटायचा.

कॉलेजात गेल्यावर कळलं. दोर जेवढा गुंडाळला तेवढं घर्षण नुसतं बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतं. घर्षणगुणांक ०.३ धरला तर एका वेढ्याला साडेसहा पट, दोन वेढ्यांना ४३ पट, तीनला २८५ पट. हातात दोन किलोचा ताण, पलीकडे साडेपाचशे किलोहून जास्त. पण दोर ओला आणि शेवाळलेला असला की तोच खलाशी चौथा वेढा देतो. त्याला कुणी सूत्र शिकवलेलं नाही.

ओली_माती

सर, एबीएसचं पण सांगा ना. नवी स्कूटर घ्यायची आहे.

अनुस्वार

लोळत्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी जमिनीच्या मानाने स्थिर असतो. चाक धावत असलं तरी. म्हणून तिथे स्थितिक घर्षण काम करतं, जे जास्त असतं. चाक जाम होऊन घासत गेलं की गतिक घर्षण, जे कमी. त्याहून वाईट म्हणजे जाम चाकाला दिशा राहत नाही. तुमचं मागचं चाक डावीकडे गेलं ते म्हणूनच. एबीएस चाक जाम होतंय असं दिसलं की सेकंदाला अनेकदा ब्रेक सोडतं आणि धरतं, चाकाला लोळत ठेवतं. १२५ सीसीवरच्या दुचाकींना आपल्याकडे २०१९पासून सक्तीचं आहे. लहान स्कूटरमध्ये बऱ्याचदा फक्त दोन्ही ब्रेक एकत्र लागायची सोय असते, ते एबीएस नव्हे. विक्रेत्याला नीट विचारून घ्या.

चार्जिंग_पॉइंट

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी एक गोष्ट, कारण ती कुणी सांगत नाही. उतारावर मोटर जनरेटर होते, गाडी अडवते आणि बॅटरी भरते. मी घाटात ब्रेकला पायही लावत नाही. पण महाबळेश्वरला रात्रभर गाडी १०० टक्के चार्ज करून सकाळी उतरायला लागलात तर वीज ठेवायला जागाच नाही. मग गाडी मोटरने अडवणं कमी करते किंवा बंदच करते, आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. घाटावर राहणार असाल तर ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवा.

मीठभाकर

आणि ऑटोमॅटिकवाल्यांनी?

लाइनवरचा

दांड्यावर एल किंवा २ असतं, नाहीतर मॅन्युअल मोड. घाटमाथ्यावरच टाका, वेग वाढल्यावर नाही. ब्रेक लागलाच तर घट्ट दाबून वेग चांगला खाली आणायचा आणि पूर्ण सोडायचा. सारखा हलका दाबून ठेवला की निवायला मिळत नाही.

घाटवाट

सगळ्यांना नावं घेऊन उत्तर द्यायला हवं, पण आधी एवढं सांगतो.

गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल बदललं. मी समोर उभा राहिलो. नवं ऑइल फिक्या मधासारखं, माझ्या गाडीतून निघालं ते बिनदुधाच्या चहासारखं. पुढचे दोन्ही पॅड काढले तर त्यांची पृष्ठं काचेसारखी चकचकीत झाली होती. पाटा_वरवंटा ताई, मला तुमची आजी आठवली. पाटा मातला होता. नवे पॅड टाकले, डिस्कवर निळसर डाग होते म्हणून त्याही बदलल्या.

काल पुन्हा तोच घाट उतरलो, मुद्दाम. आई पुढे बसली होती. महाबळेश्वर सोडतानाच गाडी दुसऱ्या गियरमध्ये, चढ-सपाटीला तिसऱ्यात. मागच्या दोन-तीन गाड्यांनी हॉर्न दिले, त्यांना बाजू दिली. मी थांबलो होतो ते वळण आलं तेव्हा कुणीच काही बोललं नाही. पोलादपूरला एसटी स्टँडजवळ उतरून पुढच्या चाकाजवळ हात नेला. नुकत्याच विझवलेल्या इस्त्रीइतकी ऊब. आईने खिडकीतून विचारलं, "आज वास नाही ना आला?"